बारकीची रेषा

माणसाच्या मनात काय चाललंय ते दुसऱ्याला कळायला लागलं तर काय होईल, या एकाच गोष्टीवर कोणी चार जाडजूड भाग लिहिले असतील तर त्या माणसाच्या पाया पडायला मी तयार आहे. मी असली पुस्तकं वाचते म्हणून ज्यांना हसायचंय त्यांनी खुशाल हसावं. आमच्या यार्डात पुस्तक वाचणारी मी एकटीच, त्यामुळे हसणाऱ्यांना तोटा नाही.

त्या कादंबरीतलं शहर असं आहे की मूल जन्मलं की त्याच्या कानामागे तांब्याचा एक मणी बसवतात. मणी बसला की डोक्यात आलेला प्रत्येक विचार जवळच्या चौकीत ऐकू जातो. गोष्ट सांगणारी माणसं अकरा, त्यातली दोन मेलेली, आणि तिसरा भाग शेवटाकडून सुरुवातीकडे चालतो. एक बाई आहे, तिला चौकीपासून एकच विचार लपवायचा आहे, आणि तो कोणता ते चौथ्या भागापर्यंत वाचणाऱ्यालासुद्धा सांगत नाहीत. माझ्या शेजारच्या खुर्चीवर काम करणारे, अख्ख्या यार्डाचे मामा पहिल्या भागाची थोडी पानं वाचून म्हणाले होते, "पोरी, हे वाचायला मला दुसरं डोकं भाड्यानं आणावं लागेल." मला मात्र तेच आवडतं. पहिल्या वाचनात डोकं भणाणलं पाहिजे, दुसऱ्यात धागा सापडला पाहिजे, आणि तिसऱ्यात वाटलं पाहिजे, अगं बाई, हे तर पहिल्याच पानावर होतं, माझेच डोळे फुटले होते!

मी कंटेनर यार्डाच्या कंट्रोल रूममध्ये बसते. समोर मोठी काच, काचेपलीकडे कंटेनरच्या रांगा, रांगांवर चार क्रेन. क्रेनची केबिन इतकी उंच असते की खालून बघितलं तर आतल्या माणसाच्या बुटांचे तळवे दिसतात, कारण तिची फरशी काचेची. तो माणूस दिवसभर मान खाली घालून आपल्या दोन पायांमधून खाली बघतो, खोलीएवढी लोखंडी पेटी उचलतो आणि सांगितलेल्या जागी ठेवतो. सांगायचं काम माझं. कोणती पेटी, कोणती रांग, कितवा थर, खाली कोण उभं आहे, सगळं वॉकीटॉकीवरून, आणि एकाला बोललेलं क्रेनवाल्यांपासून ट्रेलरवाल्यांपर्यंत सगळ्यांना ऐकू जातं. येणाऱ्या-जाणाऱ्या ट्रेलरचं मामा बघतात.

माझा आवाज मोठा आहे. यार्डात मला भोंगा म्हणतात. तोंडावर म्हणायची कोणाची हिंमत नाही, पण मला माहीत आहे आणि मला त्याचं काही वाटत नाही. पेटी खाली येतेय आणि एखादा दीडशहाणा तिच्याखाली मोबाइल बघत उभा आहे, तेव्हा "कृपया बाजूला व्हा" म्हणून भागत नाही. त्याच्या सात पिढ्या जाग्या होतील असं ओरडावं लागतं. माझ्या पाळीत आजवर कोणाला साधं खरचटलं नाही. ते माझ्या घशामुळे, हे मी छातीठोकपणे सांगते.

दोन नंबरची क्रेन चालवते माझी धाकटी बहीण, बारकी. आई गेली तेव्हा ती शाळेत होती. तिचा अभ्यास, तिचं जेवण, तिचे ताप, सगळं मी काढलं. मी लग्न केलं नाही ते माझ्याशी करायला कोणी तयार नव्हतं म्हणून, पण लोकांना मी बारकीसाठी नाही केलं असंच सांगते. क्रेन शिकायला तिला मीच पाठवलं. आता यार्डात तिच्या हाताला तोड नाही. ती पेटीवर पेटी ठेवते तर आवाजसुद्धा होत नाही.

घरी गेलं की ती भाजी चिरते आणि मी तिला कादंबरी वाचून दाखवते. अकराच्या अकरा जणांचे आवाज काढून. फक्त एका बाबतीत आमचं जमत नाही. मला चौकीतला शिपाई फार आवडतो. तो दिवसभर लोकांची मनं ऐकतो, आणि कोण उपाशी आहे, कोण जीव द्यायला निघालंय, ते त्याला सगळ्यांच्या आधी कळतं.

"किती जणांना वाचवतो बघ तो," मी म्हणते.

"त्याला कोणी बोलावलं होतं?" बारकी म्हणते.

मग मी तिला शिपायाची बाजू नीट समजावून सांगते, आणि ती "हं" म्हणते.

तर असल्या मला एक दिवस कळलं की कंपनी क्रेनवाल्यांना टोप्या देणार आहे. हेल्मेटच्या आत घालायची पातळ टोपी, कपाळाला टेकणारी, आणि तिच्यातून मेंदूची हालचाल थेट माझ्या पडद्यावर! मला तर आकाश ठेंगणं झालं. टोप्या घेऊन जे गृहस्थ आले त्यांचं नाव लगेच टोपीवाले पडलं. त्यांनी मला पडदा दाखवला. प्रत्येकाची एक रेषा. लक्ष कामावर असलं की रेषा हिरवी आणि सपाट. डुलकी लागली की फिकी पडते. माणूस घाबरला की उडी मारते आणि नारिंगी होते.

"विचार दिसतात का हो?" मी विचारलं.

"छे हो बाई. काय वाटतंय एवढंच दिसतं. कशामुळे वाटतंय ते टोपीला कळत नाही."

"पहिल्या भागात मण्याचंही असंच होतं," मी मामांना म्हटलं. मामांनी कपाळाला हात लावला.

नियम साधा होता. महिनाभर टोप्या घालायच्या, मग यार्डाचे साहेब रेषा बघणार. ज्याची रेषा सारखी नारिंगी होते त्यानं क्रेनवरून उतरायचं आणि खाली ट्रेलरवर पेटी बांधायचे लॉक लावत-काढत बसायचं. लोकांच्या डोक्यावर पेटी धरून बसलेला माणूस घाबरट असून कसं चालेल? मला तर यात काडीची चूक दिसली नाही. बाकीच्यांनी कुरकुर केली. टोपी घालताना बारकीनं ती दोनदा काढून उलटसुलट करून बघितली.

सुरुवातीचे दिवस म्हणजे मज्जाच मज्जा. तीन नंबरवरचे जावईबापू, सासऱ्याच्या वशिल्यानं लागलेले म्हणून त्यांचं हे नाव, जेवणानंतर उघड्या डोळ्यांनी झोपतात हे मी पहिल्याच दिवशी पकडलं. एक नंबरवर पैलवान. मिशा अशा की लहान मुलं वाटेतून बाजूला होतात. त्याची रेषा अधूनमधून उडी मारायची. मी दुर्बीण लावून बघितलं तर काय, केबिनच्या काचेवर कबुतर येऊन बसलं की गडी गारठतो! मी थेट वॉकीटॉकीवर, सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हटलं, "पैलवान, कबुतराला सांगू का, जरा बेतानं घ्या म्हणून?" सगळं यार्ड खदाखदा हसलं.

पाळी संपल्यावर पैलवान जिना चढून वर आला. मला वाटलं भांडणार. तो दारातच उभा राहिला आणि हळू आवाजात म्हणाला, "बाई, हे माझ्या बायकोलासुद्धा माहीत नव्हतं."

"मग आता सांगून टाका," मी म्हटलं.

तो गेल्यावर मामा म्हणाले, "दुसऱ्याच्या घरात खिडकीतून डोकावू नये. आणि डोकावलंच तर गावभर दवंडी पिटू नये."

"मी कुठे डोकावते? कंपनीनंच पडदा लावून दिलाय."

मामांशी वाद घालण्यात अर्थ नसतो. ते लगेच गप्प होतात.

बारकीच्या रेषेकडे मी आधी नीट बघितलंच नव्हतं. ती हिरवीच असणार हे मी धरून चालले होते. कधी नारिंगी दिसली तर म्हणायचे, टोपी सैल बसली असेल. दोनदा टोपी बदलून घेतली. मग एक दिवस साहेबांनी मला खाली बोलावलं आणि म्हणाले, "बाई, तुमच्या बहिणीला सांभाळून घ्या. चौघांत सगळ्यात जास्त नारिंगी तीच आहे. असंच राहिलं तर महिनाअखेर तिला उतरवावं लागेल."

मला वाटलं साहेबांनी नंबर चुकवला. मी पडदा पुन्हा बघितला. चुकला नव्हता. सपाट हिरवी, सपाट हिरवी, आणि मध्येच हिसका बसल्यासारखी उडी. मग पुन्हा उडी. माझ्या पायाखालची जमीनच सरकली. ही माझी बारकी? जोराच्या वाऱ्यात पेटी उतरवून वर जांभई देणारी?

घरी गेल्या गेल्या मी तिला धरलं. "काय गं, उंचीची भीती वाटते तुला?"

"नाही."

"मग कशाची?"

"कशाची नाही, ताई."

"म्हणजे पडदा खोटं बोलतो? मी आंधळी आहे? सरळ सांग ना, तोंडात काय मिठाची गुळणी धरलीय?"

ती चिरत होती ते चिरतच राहिली. मग सुरी खाली ठेवली आणि एकदम रडायलाच लागली. आई गेल्यावर तिला मी एवढी रडताना बघितलं नव्हतं. "ताई, मला खाली नको उतरवू देऊस. काहीही कर. मला वर बरं वाटतं. वर कोणी नसतं."

माझ्या काळजाचं पाणी झालं. मी तिला जवळ घेतलं आणि म्हटलं, तुझ्या केसाला धक्का लागू देणार नाही. आणि मनात ठरवलं, ही जी कोण भीती आहे तिला मी शेपटीला धरून बाहेर काढते की नाही बघ. इतकी वर्षं गुंतागुंतीच्या कादंबऱ्या वाचल्या त्या काय उगाच?

मी रीतसर तपास सुरू केला. आधी वारा. वारा पडलेला असतानाही रेषा उडत होती, म्हणजे वारा नाही. मग केबिनची काच. फिटर पाठवून तपासून घेतली, ठणठणीत निघाली. बारकी पेटी उचलायला गेली तरी भीती नव्हती, ठेवायला गेली तरी नव्हती. मग माझ्या लक्षात आलं की एक ट्रेलर आहे, हिरवा. तो तिच्या क्रेनखाली आला की हमखास नारिंगी. दुसरे आले की कधी होते, कधी नाही, पण हिरवा आला की चुकायची नाही.

झालं! धागा सापडला. हिरव्या ट्रेलरवाला म्हणजे एक हडकुळा माणूस, गाडी कधी सरळ लावायची नाही आणि सगळ्यांना हसत नमस्कार करायचा. हसऱ्या माणसांचा मला पहिल्यापासून संशय. त्यानं बारकीला काहीतरी म्हटलं असणार, धमकी दिली असणार, वाटेत अडवलं असणार. माझं डोकं सणकलं.

दुसऱ्या दिवशी तो यार्डात शिरला, नेहमीसारखी गाडी तिरकी लावली, आणि मी वॉकीटॉकी उचलून त्याला असा धुतला, असा धुतला, की शेवटी शेवटी मला माझे शब्दच ऐकू येईनात. माझ्या बहिणीच्या वाटेला गेलास तर तंगडं हातात देईन, इथपर्यंत गेले. तो बिचारा गाडीतून उतरून हात जोडून उभा. "बाई, मी काय केलं? मी त्यांना बघितलंसुद्धा नाही कधी. मला त्यांचे बूट दिसतात फक्त!"

आणि माझ्या डोळ्यांसमोर बारकीची रेषा पडद्याच्या माथ्याला जाऊन टेकली.

"बघा मामा!" मी ओरडले. "बघा! याला नुसतं बोललं तर तिची ही गत! रंगेहाथ पकडला की नाही?"

मामांनी पडद्याकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं. "काखेत कळसा," एवढंच पुटपुटले आणि चहा आणायला म्हणून उठून गेले. त्या दिवशी ते चहा आणायला विसरले.

सकाळी उठले तर माझा घसा पार बसला होता. तोंडातून नुसती हवा. बारकीनं मला गरम पाणी करून दिलं, मफलर गुंडाळला, माझा डबा भरला. कामावर वॉकीटॉकीवर बोलायचं काम मामांनी आपल्याकडे घेतलं, त्यांच्या सेटवरून. मामा वॉकीटॉकीवर बोलतात म्हणजे स्वतःशीच पुटपुटल्यासारखं. "बारके, चौथी रांग, वरचा थर. घे सावकाश. हं, छान." असल्या बोलण्यानं यार्ड चालतं का, असं मला वाटत होतं. पण चाललं.

आणि बारकीची रेषा हिरवी राहिली. सपाट, हिरवी, सरळ. एक उडी नाही. मी जेवणापर्यंत तिच्यावरून नजर हलवली नाही. हिरवा ट्रेलरसुद्धा येऊन गेला, तिरकाच उभा राहिला, मामा त्याला म्हणाले, "जरा सरळ घे रे बाबा," आणि रेषा ढिम्म हलली नाही.

मला इतका आनंद झाला म्हणून सांगू! मी कागदावर लिहून मामांना दाखवलं, माझा दणका कामी आला, पळाली भीती. मामांनी कागद वाचला आणि काचेतून बाहेर बघत बसले.

मला राहवेना. ही गोष्ट बारकीला सांगितलीच पाहिजे. तिनं पेटी खाली ठेवली, क्रेनचा पंजा वर घेतला, हात मोकळे झाले, एवढी मी थांबले. मग माझा वॉकीटॉकी उचलला आणि बटण दाबलं. आमच्याकडे बटण दाबलं की समोरच्याच्या सेटवर कोण बोलतंय त्याचा आकडा उमटतो. माझा आकडा एक. मी अजून तोंडही उघडलं नव्हतं.

रेषेनं उडी मारली. नारिंगी.

मी बटण सोडलं. रेषा हळूहळू खाली आली, हिरवी झाली. मला वाटलं योगायोग असेल. मी पुन्हा बटण दाबलं. पुन्हा उडी. पहिल्यापेक्षा उंच.

तिसऱ्यांदा दाबायला माझं बोट उचललंच नाही.

मामा माझ्याकडे बघत होते. मी फुटक्या आवाजात विचारलं, "तुम्हाला माहीत होतं?"

"पोरी, सगळ्या यार्डाला माहीत आहे. टोप्या यायच्या आधीपासून. तुझा आवाज आला की ती खुर्चीत ताठ होते, हे खालून बुटांवरूनसुद्धा कळतं."

"मग मला का नाही सांगितलं?"

"तुला कोण सांगणार?" मामा म्हणाले. त्यांच्या बोलण्यात टोमणा नव्हता, म्हणून ते जास्त लागलं.

खरं सांगते, पहिल्यांदा मला राग आला. बारकीचा राग. जिच्यासाठी हाडाची काडं केली, जिच्या तापात रात्र रात्र उशाशी बसले, ती मला घाबरते? मी काय वाघ आहे? कधी हात उगारला तिच्यावर? एकदाही नाही. नुसती बोलले असेन. बोलणारच. माझा आवाजच तसा आहे, त्यात माया आहे हे तिला कळू नये? असं बराच वेळ मनातल्या मनात भांडले, आणि भांडता भांडता माझ्या लक्षात आलं की मी मनातसुद्धा ओरडतच होते. मग हिरव्या ट्रेलरचं कोडं सुटलं. तो गाडी तिरकी लावतो. तिरकी लावली की मी त्याच्यावर खेकसते. त्याला खेकसले की वर केबिनमध्ये बारकी दचकते. इतकं सोपं होतं. एवढाले चार भाग वाचणाऱ्या माझ्या डोक्याला ते दिसलं नाही.

घरी मी तिला काही बोलले नाही. घसा बसला होता, निमित्त आयतंच मिळालं. ती माझ्यासमोर बसून हसत होती, पैलवानाच्या नकला करत होती, आणि मी तिच्या चेहऱ्यात शोधत होते. कुठे आहे ती भीती? काही दिसत नव्हतं. माझ्यासमोर ती इतकी सफाईनं वावरत होती की मला धडकी भरली. किती वर्षांची सवय असेल ही?

दोन दिवसांनी, वॉकीटॉकी अजून मामांकडेच असताना, महिना भरला आणि साहेब व टोपीवाले कंट्रोल रूममध्ये आले. साहेबांनी पैलवानाला सोडलं, जावईबापूंना समज दिली आणि बारकीवर आले. "वाईट वाटतं बाई, पण हिला उतरवावं लागेल. इतकी घाबरणारी ऑपरेटर मी वर ठेवू शकत नाही."

मी गप्प राहिले असते तरी चाललं असतं. झाकली मूठ सव्वा लाखाची. बारकी खाली आली असती, लोक म्हणाले असते उंचीला घाबरली, माझी खुर्ची, माझा पडदा, माझा दरारा सगळं जागच्या जागी. एक क्षण हे माझ्या मनात आलं, नाही असं नाही. त्या क्षणी माझ्या डोक्यावर टोपी नव्हती म्हणून कोणाला कळलं नाही.

"साहेब," मी म्हटलं, "ती उंचीला नाही घाबरत. मला घाबरते."

साहेब हसले. "बाई, तुम्हाला तर मीसुद्धा घाबरतो. चेष्टा पुरे."

"चेष्टा नाही. मामांनी वॉकीटॉकी घेतला त्या दिवसापासूनची रेषा बघा."

टोपीवाल्यांनी ती काढून बघितली. सपाट हिरवी, मी बटण दाबलं त्या दोन उड्या सोडून. ते म्हणाले, "दोन-तीन दिवसांवरून काही सांगता येत नाही. दुसरी कारणंही असू शकतात."

म्हणजे मला दाखवावंच लागणार होतं. हात दाखवून अवलक्षण, पण आपल्या हातानं. बारकीची पेटी खाली टेकेपर्यंत मी थांबले. घसा आता सुटला होता. मी ठरवलं, ओरडायचं नाही. मुळीच नाही. सगळ्यांसमोर तिला भीती दाखवायची, ती निदान शक्य तेवढी कमी दाखवू. म्हणजे रेषा जरा हलेल, साहेबांचं समाधान होईल, आणि पोरीला फार त्रास होणार नाही. मी बटण दाबलं. रेषा उडाली. साहेब पुढे वाकले. आणि मी माझ्या आयुष्यातल्या सगळ्यात मऊ आवाजात म्हटलं, "बारके, बाळा, दमलीस का गं? बस जरा निवांत."

रेषा पडद्याच्या वर गेली. माथ्याला टेकली आणि तिथेच थरथरत राहिली. हिरव्या ट्रेलरवाल्याला तंगडं हातात द्यायची धमकी दिली तेव्हाही ती इतका वेळ वर राहिली नव्हती. ती खाली येईचना. मी बटण सोडलं, वॉकीटॉकी टेबलावर ठेवला, दोन पावलं मागे सरले, तरी येईना; असलं मऊ बोलणं तिनं माझ्या तोंडून कधी ऐकलंच नव्हतं.

टोपीवाल्यांनी चष्मा काढला आणि पुसत बसले. शेवटी मामांनी आपला वॉकीटॉकी उचलला आणि म्हणाले, "बारके, काही नाही गं. सगळं ठीक आहे. पाचवी रांग घे." मग रेषा उतरली.

साहेबांनी तिथल्या तिथे निकाल दिला. बारकी क्रेनवरच राहील. वॉकीटॉकी मामांकडे. मी गेटवर, ट्रेलरचे कागद बघायला. मी पुस्तक आणि डबा पिशवीत टाकला आणि जिना उतरले. वाईट वाटलं नाही. बारकीची जागा वाचली होती, दिलेला शब्द मी पाळला होता, आणि ते तिला कळलं की ती पळत येऊन माझ्या गळ्यात पडेल असं मला वाटत होतं. हो, त्याही वेळी मला हेच वाटत होतं.

यार्डात बातमी शिडीपेक्षा लवकर चढते. पाळी संपल्यावर बारकी गेटवर आली तेव्हा तिला सगळं माहीत होतं. हेल्मेट काखेत, केस घामानं कपाळाला चिकटलेले. ती माझ्यासमोर येऊन उभी राहिली.

"तू त्यांना दाखवलंस?" ती म्हणाली.

"तुझी क्रेन वाचवायला दाखवलं. नाहीतर तुला…"

"सगळ्यांसमोर?"

"अगं, दुसरा उपाय होता का? आणि बारके, तू मला आधी सांगितलं असतंस, एका शब्दानं जरी म्हटलं असतंस की ताई, तुझी भीती वाटते, तर मी…"

"तर तू काय केलं असतंस?"

मी हातातले कागद खाली ठेवले.

"मी सांगितलं नाही कारण तुला वाईट वाटलं असतं," बारकी म्हणाली. ती रडत नव्हती. रडली असती तर बरं झालं असतं. "तू माझ्यासाठी इतकं केलंस, आणि मला तुझ्या पावलांचा आवाज आला तरी पोटात गोळा येतो. लाज वाटायची मला त्याची. म्हणून मी ठरवलं होतं, हे तुला कधीच कळू द्यायचं नाही. लहानपणापासून सांभाळलंय मी ते. तुझ्यासमोर हसायचं कसं ते मी शिकले. तू वाचायला बसायचीस ना, तेव्हा खरंच बरं वाटायचं, कारण तेव्हा तू दुसऱ्यांच्या आवाजात बोलायचीस. ताई, तू मला सगळं दिलंस. मी तुला एवढं एकच देत होते. तेही आज तू पडद्यावर लावून लोकांना दाखवलंस."

शेजारून हिरवा ट्रेलर गेला, ट्रेलरवाल्यानं दोघींना हसून नमस्कार केला. मला तिला खूप काही सांगायचं होतं. की मला माहीत नव्हतं. की मी बदलेन. की तिला मी किती जपते. मी श्वास घेतला आणि बोलायला तोंड उघडलं.

बारकीचे खांदे वर गेले. अगदी थोडे, कानांकडे, मार चुकवणाऱ्या माणसाचे जातात तसे. चेहऱ्यावर मात्र तिनं तेवढ्यात हसू आणलं होतं.

मी तोंड मिटलं. तिच्या हातातलं हेल्मेट घेतलं आणि तिच्या मागून, चार पावलं अंतर ठेवून, काही न बोलता घरी चालत गेले.